मोरीतून आलेली चाल

१

आईबापांनी माझं नाव थँकफुल ठेवलं, म्हणजे कृतज्ञ. कशाबद्दल कृतज्ञ राहायचं, ते सांगायच्या आत दोघंही मेले.

माझा दिवस असा. उठायचं, चूल फुंकायची, मक्याची लापशी ढवळायची आणि असाहेलला हाका मारायच्या. त्याने पलीकडून "येतो गं" म्हणायचं आणि यायचं नाही. मग लापशी गार झाली की मी मोरीपाशी उभी राहून भांडी घासायची. लग्न झालं त्या हिवाळ्यापासून यात काडीचा फरक पडला नव्हता.

असाहेल पेटिंगिल हा माझा नवरा. कुंपणाचा खांब पडला तर दोन हिवाळे त्या खांबाकडे बघत राहणारा माणूस. आणि आता डोंगराच्या या अंगाला जिथे म्हणून चार जोडपी नाचतात, तिथे जी चाल आधी मागतात तिचं नाव 'पेटिंगिलची घाई'. घाई म्हणे! या माणसाला जन्मात एकदाच घाई झाली होती, रास्पबेरीच्या जाळीत अस्वल समोर आलं तेव्हा.

ती चाल कोणी रचली यावरून गावात मारामारी व्हायची बाकी होती. डीकन होबर्ट हा आमच्या देवळातला मोठा माणूस. त्याचं म्हणणं, त्याच्या आजोबांनी ती लढाईवर असताना शिट्टीवर रचली. होबर्टांचे आजोबा शिंकले असते तरी या लोकांनी तिथे दगड उभा केला असता. म्हातारा मॅकफी, जो स्वतः फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतो आणि दुसऱ्या कोणी वाजवलं की ज्याच्या पोटात दुखतं, तो सांगतो की चाल त्याच्या आजीने स्कॉटलंडहून आणली. त्या आजीने काय काय आणलं हे मोजायला बसलं तर जहाज बुडालं कसं नाही याचं नवल वाटतं. शाळामास्तर म्हणतो चाल फ्रेंच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्यातही डीकन म्हणजे कमाल. रविवारी देवळात फिडल हे सैतानाचं वाद्य, आणि गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात भोपळ्याच्या गोड पाईचा मोठा तुकडा घेऊन हाच दाराशी उभा, ताल धरून. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, अशातला हा माणूस.

असाहेलला कोणी विचारलं तर तो कान खाजवायचा, हसायचा आणि म्हणायचा, "आली अशीच." लोकांना तो नम्रपणा वाटायचा. मला माहीत होतं की तो खरं बोलतोय, कारण माझा नवरा ती चाल वाजवूच शकत नव्हता.

२

नाच स्वयंपाकघरात होतो. टेबल-बाकं बाहेर बर्फात, पुरुषांची रांग एकीकडे, बायकांची समोर, आणि फिडलवाला मोरीत. जमिनीवर खुर्ची टाकून बसला तर एका जोडप्याची जागा खातो, म्हणून प्रत्येक घरात त्याला मोरीतच चढवतात. आमची मोरी खिडकीखाली आहे, कमरेएवढी उंच, एका सबंध दगडातून कोरलेली. तिचं भोक भिंतीतून आरपार जातं आणि बाहेर लाकडी पन्हळीतून पाणी अंगणात पडतं. असाहेल त्या भोकाशी पाठ करून, गुडघे वर घेऊन बसायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या बुडाची जागा मी राखेने घासायची, कारण त्याच दगडावर मला गाजरं धुवायची असत.

आता मुद्द्याची गोष्ट. असाहेलच्या डाव्या हाताला करंगळी नाही. लग्न झालं त्याच वर्षी याने सरपण फोडताना कुऱ्हाड लाकडाऐवजी स्वतःवर चालवली. तेव्हापासून मी त्याचा डावा हातमोजा चार बोटांचा विणते आणि करंगळीच्या जागी टाके बंद करते. फिडल त्याने सोडलं नाही. चार चाली येत होत्या, चारही वाईट. उंच स्वर आला की हा तो गाळायचा आणि पुढे जायचा, चिखलाचं डबकं ओलांडावं तसा. मी त्याला त्यावरून वर्षानुवर्षं टोचलं. प्रत्येक वेळी म्हणायची, "पडला बघ तुझा दात."

'पेटिंगिलची घाई' संपता संपता एक स्वर आहे, सगळ्यात वरचा. तो आला की बायका घागरे सावरून वळतात. तो करंगळीनेच दाबावा लागतो. आमच्या घरात, आमच्या मोरीत बसून असाहेल ती चाल वाजवायचा तेव्हा तो स्वर लख्ख लागायचा.

३

हे मला आधी कळलंच नाही. वाफ, बूट, सफरचंदाच्या सायडरचे मग, कोणाचं पोर चुलीत पडतंय का ते बघणं, यात गाणं कोण ऐकतं. मॅकफीने सांगितलं. मत्सरी माणसाचे कान चांगले असतात.

तो मला बाजूला घेऊन म्हणाला की हात वर सरकवल्याशिवाय तीन बोटांनी तो स्वर येणार नाही, आणि तुझ्या नवऱ्याचा हात जागचा हलत नाही, मी डोळ्यात तेल घालून बघितलंय. मी त्याला म्हटलं, तुमच्या आजीला विचारा. पण पुढच्या खेपेला मी कढई पुसत पुसत मोरीच्या जवळ गेले आणि बघितलं. तीन बोटं तारांवर, चौथ्याचं थोटूक हवेत. हात हलला नाही. स्वर लागला.

नंतर नाच होबर्टांच्या घरी झाला. तीच चाल, तेच फिडल, तसाच दगड. तिथे स्वर पडला. बायका अर्ध्या ठेचकाळल्या आणि हसल्या. असाहेलही हसला. घरी येताना मी त्याला काही बोलले नाही, आणि मी काही बोलले नाही याचंच त्याला नवल वाटलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. ज्यांना कामं नसतात त्यांना भुतं दिसतात. मी स्वतःला समजावलं की आमच्या मोरीचा दगड वेगळा आहे, तोच घुमत असेल. दुसऱ्या दिवशी मी लाकडी चमच्याने मोरी चहूकडून ठोकून बघितली. ठक्क असा आवाज आला. दगडाचा येतो तसाच.

४

एका दुपारी असाहेल कणसांच्या कोठारात बसून सराव करत होता. लांबून, दोन भिंतींपलीकडून, चाल ऐकू येत होती. मी भांडी विसळत होते. पाणी भोकातून गेलं, गुळगुळलं, आणि मग त्या भोकातूनही चाल यायला लागली.

घुमतंय, मी म्हटलं. आवाज कोठारापासून निघतो, अंगणातून पन्हळीत शिरतो आणि इथे येतो. तर्क बरोबर होता. मी थाळी पुसली आणि पुढची हातात घेतली, आणि थांबले. आवाज घुमतो तो मागाहून. डोंगराला हाक मारली तर आधी आपण ओरडतो, मग डोंगर. इथे उलटं होतं. भोकातला सूर आधी यायचा आणि कोठारातला त्याच्यामागून, एखाद्या श्वासाइतक्या अंतराने. भोकातल्या चालीत उंच स्वर होता. कोठारातल्या चालीत त्या जागी काहीच नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला टेबलाशी बसवून खडसावलं.

"मी नाही वाजवत गं ती. ती पुढे जाते, मी मागे मागे जातो."

"कोण पुढे जाते?"

"ते माहीत नाही. पण पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती खूप पुढे होती. आता फार नाही राहिली. या गुरुवारी बहुतेक गाठेन मी."

"गाठून काय करणार आहेस?"

त्याने कान खाजवला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं जे मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं, आणि मला त्याचा फार राग आला. हा माणूस शेळी गाठू शकत नाही, आणि चालला मोरीतलं काहीतरी गाठायला. मी बघितलं तर गालफडं बसली होती, मनगटं काडीसारखी झाली होती. मोरीतून उतरला की तासभर त्याचं अंग गार असायचं, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि मी त्याला सर्दी म्हणत होते. माझी खात्री पटली की हा मला सोडून निघालाय. नालायक असेल, आहेच, पण तो माझा नालायक होता. तो मी कोणाला द्यायची नव्हते.

५

गुरुवारी दिवे लागले आणि लोक जमले. डीकन पाईसकट दाराशी. असाहेल मोरीत चढला तेव्हा मी त्याचा डावा हातमोजा काढून घेतला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्याने दोन साध्या चाली वाजवल्या, दातपडक्या. मग कोणीतरी 'घाई' मागितली.

मी बाहेर गेले. ॲप्रनमध्ये चिंध्यांचा बोळा होता, पाइनच्या राळेत भिजवलेला, मुठीएवढा. भिंतीला धरून मी पन्हळीपाशी आले. तिच्या कडेला बर्फाचे सुळे लोंबत होते. खालच्या बर्फावर कोंबडीच्या पायाचासुद्धा ठसा नव्हता. वर खिडकीत असाहेलची पाठ दिसत होती आणि फिडलचा गज धरलेल्या हाताचा कोपर वरखाली होत होता.

पन्हळीतून चाल येत होती आणि खिडकीतून तीच चाल मागोमाग येत होती. अंतर कमी झालं होतं. मी ऐकत असतानाच ते आणखी कमी होत गेलं.

मग मी पन्हळीच्या तोंडात बघितलं. आत, खालच्या कडेवर, चार पांढरी टोकं ओळीने टेकलेली होती. बर्फच आहे, मी म्हटलं. तेवढ्यात शेवटचं, सगळ्यांत बारकं टोक वर उचललं गेलं आणि पुन्हा खाली दाबलं गेलं, आणि तो उंच स्वर लागला. खिडकीतून आणि पन्हळीतून एकाच वेळी लागला. दोन्हींत आता काहीच अंतर नव्हतं.

मी बोळा घातला. दोन्ही हातांनी दाबला, कोपराने दाबला, शेवटी बुटाच्या टाचेने ठोकून भिंतीतल्या भोकापर्यंत आत सारला. आतून कोणी विरोध केला नाही. खिडकीत असाहेलने एकदा मान वर केली, झोपेतून उठल्यासारखी, आणि वाजवत राहिला.

मी आत आले. चाल चालूच होती, खंड पडला नव्हता. शेजारची डॉर्कस माझ्या कानाशी म्हणाली की तुझा नवरा आज काय वाजवतोय. शेवटचा फेरा आला, बायकांनी घागरे सावरले आणि उंच स्वर लख्ख लागला.

म्हणजे मोरीचा काही संबंधच नव्हता, असं मला वाटलं. हाच कुठल्या तरी युक्तीने वाजवत होता, आणि मी बर्फात उभी राहून एका पाण्याच्या वाटेशी झुंजत होते. मला इतकं हायसं वाटलं की मी डीकनला पाईचा आणखी एक तुकडा दिला. असाहेल खाली उतरला, त्याने गज नीट पुसला, जो तो कधी पुसत नाही, आणि कोणाशी बोलायच्या आधी डाव्या हातात मोजा चढवला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लापशी ढवळून हाक मारायला तोंड उघडलं, तर तो टेबलाशी बसलेला होता. चमचा हातात, मोजा घातलेला.

"हा हातमोजा तंग होतोय," तो म्हणाला.

मी म्हटलं धुण्यात आटला असेल.

त्यानंतर माझ्या संसाराचं सोनं झालं. दोन हिवाळे पडलेला खांब उभा राहिला. सरपण फोडलं गेलं, सारख्या लांबीचं, भिंतीला लावून रचलेलं. दूध वेळेवर आत यायचं. मी "असाहेल, जरा ते..." म्हणेपर्यंत ते झालेलं असायचं. तो वाद घालायचा नाही, कान खाजवायचा नाही, रात्री घोरायचा नाही. पूर्वी तो "येतो गं" म्हणायचा आणि यायचा नाही. हा म्हणायचा काहीच नाही, पण आधीच आलेला असायचा.

गावाला आनंदाचं भरतं आलं. डॉर्कस म्हणाली, बाईच्या जातीने धीर धरला की असं होतं. या डॉर्कसचा स्वतःचा नवरा तीन वर्षं कॅनडात रस्ता विचारतोय. मॅकफीने येऊन हात जोडले आणि चाल तुझीच आहे म्हणून मान्य केलं. डीकनने त्यावर एक प्रवचन दिलं, माणूस बदलू शकतो या विषयावर. मूर्खांचा बाजार नुसता.

एक गोष्ट मात्र तो करायचा नाही. मोरीत बसायचा नाही. आमच्या घरात नव्हे, कुठेच नव्हे. खुर्ची घेऊन चुलीपाशी बसायचा, एका जोडप्याची जागा गेली तरी. मोजाही काढायचा नाही, फक्त बोटांची टोकं कापून घेतली होती. चार टोकं. पाचवी जागा मी बंद केलेली, ती फुगल्यासारखी दिसायची. मी तिकडे बघायचं टाळत होते. माणसं सुधारतात, मी स्वतःला सांगायची. हेच तर मला हवं होतं, मग आता कशाला तोंड वाकडं करतेस, थँकफुल?

७

तोवर पाणी बोळ्याच्या कडेने झिरपत होतं, थंडी थोडी हटली तेव्हा मोरी पुरती तुंबली. तुंबणारच, बोळा मीच घातला होता. तो गोठ्यात गेलेला बघून मी मोरीतलं पाणी उपसलं आणि भोकात चिमटा घालायला वाकले. तेव्हा बोळ्यामागून चाल ऐकू आली.

फार लांबून येत होती. आणि वाईट वाजत होती. ताल ओढत, एक स्वर घसरत, नांगराच्या मागून बैल नेल्यासारखी. शेवटचा फेरा आला, वरचा स्वर यायची जागा आली, आणि तिथे काहीच नव्हतं. डबकं ओलांडलं आणि पुढे गेला.

मी मोरीच्या काठाला धरून उभी राहिले. "पडला बघ तुझा दात," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. साऱ्या डोंगरात असं घाणेरडं एकच माणूस वाजवतो.

मी तेव्हाच बोळा उकरून काढला. नखं रक्ताळली. गार वारा तोंडावर आला, अंगणातल्या हवेपेक्षा गार. मी भोकाशी तोंड नेऊन ओरडले, "असाहेल, घरी ये."

चाल थांबली. बऱ्याच वेळाने, तितक्याच लांबून, उत्तर आलं.

"येतो गं."

त्यानंतर रोज तो गोठ्यात गेला की मी मोरीत चढून बसायची, गुडघे वर घेऊन, भोकाला कान लावून. शिव्या घालायची, हाका मारायची, लापशी गार होतेय म्हणून सांगायची. तो येतो म्हणायचा. काल त्याने उत्तर दिलं नाही, नुसता वाजवत राहिला, आणि ताल जरा सुधारला होता. मी त्याला म्हटलं, नीट वाजवू नकोस मेल्या, माझं ऐक, चुकव. आयुष्यभर ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.

आज दुपारी पुन्हा कान लावला. चाल जवळून येत होती, हातभर अंतरावरून. एकही सूर घसरत नव्हता. शेवटचा फेरा आला. मी डोळे मिटले आणि तो स्वर पडावा म्हणून देवाची प्रार्थना केली. स्वर लख्ख लागला.

मी हाक मारली. कोणी "येतो गं" म्हटलं नाही. असं बिनचूक वाजवणारा माझा असाहेल नव्हता. भोकाच्या आतल्या कडेवर काहीतरी पांढरं टेकलं आहे असं वाटलं, तेव्हा मी नीट बघितलं नाही. बोळा परत घातला, लाटण्याने ठोकला, आणि मोरीतून उतरले. मी वळले तर तो दारात उभा होता, मोकळ्या दारात, दुधाची बादली घेऊन. दार किती वेळ उघडं होतं कोण जाणे.

८

संध्याकाळी डीकन आणि मॅकफी आले. मास्तर नाचांच्या चालींचं पुस्तक छापून घेतोय, त्यात या चालीखाली कोणाचं नाव घालायचं ते पक्कं करायला. मॅकफीने मागचं कबूल केलेलं विसरून पुन्हा आजी काढली. डीकनने आजोबा काढले. मी सायडर ओतत होते आणि दोघांकडे बघत होते. इतकी वर्षं भांडताहेत, आणि यांतल्या एकालाही कधी मोरीजवळ वाकून बघावंसं वाटलं नाही.

"असाहेल, तूच सांग एकदाचं," डीकन म्हणाला. "कोणाची आहे चाल?"

पूर्वी तो कान खाजवून म्हणाला असता, आली अशीच. याने चमचा खाली ठेवला.

"माझी," तो म्हणाला.

त्या चालीबद्दल आजवर जेवढी माणसं माझ्यासमोर बोलली, त्यांत माझा असाहेल सोडला तर खरं बोललेला हा एकटाच.

पाहुणे गेले. मी सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन चुलीपाशी बसले. मोरीकडे शांत होतं. तो समोर येऊन बसला, मी काही म्हणायच्या आत, आणि त्याने डावा हात माझ्या मांडीवर ठेवला. मी मोज्याचे बंद केलेले टाके उसवले, सुईवर घेतले आणि पाचवं बोट विणायला लागले. मापासाठी मध्ये मध्ये चाचपावं लागत होतं. बघितलं मात्र नाही. विणकाम मला न बघता येतं.